डायलिसिस कॅथेटरचा जंतुसंसर्ग : अँटिबायोटिक लॉक कुणाला आणि कधी

डायलिसिस सुरू होऊन अर्धा-पाऊण तास होतो आणि पेशंटला हुडहुडी भरते. पांघरुणावर पांघरूण घातलं तरी थंडी जात नाही, मग ताप चढतो, कधी रक्तदाब उतरतो. ज्याचं डायलिसिस मानेतल्या कॅथेटरवर चालतं त्याच्या बाबतीत असं झालं की टेक्निशियनपासून नेफ्रॉलॉजिस्टपर्यंत सगळ्यांचा पहिला संशय कॅथेटरवर जातो. मशीनने कॅथेटरमधून जोरात रक्त खेचायला आणि परत ढकलायला सुरुवात केली की आतल्या भिंतीला चिकटलेले जंतू सुटून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचतात, म्हणून ताप नेमका डायलिसिसच्या वेळी येतो. पुढचा प्रश्न लगेच समोर उभा राहतो : हा कॅथेटर काढायचा, की ठेवून आतला संसर्ग मारायचा? ठेवायचा असेल तर गेल्या तीन दशकांत रुळलेला उपाय म्हणजे अँटिबायोटिक लॉक. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात कॅथेटरच्या पोकळीत अतिशय तीव्र अँटिबायोटिक भरून ठेवायचं आणि शिरेतून नेहमीची अँटिबायोटिक्सही चालू ठेवायची. या उपायाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. काहींना तो निव्वळ चालढकल वाटतो, तर काहींना कॅथेटर वाचवण्याचा हमखास मार्ग. उपलब्ध पुरावा वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की लॉक करावं की नाही हे जंतू कोणता यावरच मुख्यतः ठरतं. म्हणून ज्या युनिटला जंतूचं नाव वेळेवर कळत नाही त्याने लॉकच्या भरवशावर कॅथेटर ठेवू नये.

नुसती शिरेतली अँटिबायोटिक्स का पुरत नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवं. प्लास्टिक शरीरात गेलं की थोड्याच वेळात त्यावर रक्तातल्या प्रथिनांचा लेप बसतो. त्या लेपावर जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थाचं आवरण विणून बायोफिल्म तयार करतात. पाण्याच्या टाकीला आतून धरणाऱ्या बुळबुळीत शेवाळासारखाच हा थर असतो, वरून कितीही पाणी ओता, तो जागचा हलत नाही. आतले जंतू संथपणे वाढतात, औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि मोकळ्या तरंगणाऱ्या जंतूंना मारायला जेवढं अँटिबायोटिक पुरतं त्याच्या शंभर ते हजार पट यांना लागतं. रक्तात तेवढं औषध चढवणं अशक्य आहे, कारण त्याआधी पेशंटच दगावेल. म्हणून चित्र ठरलेलं दिसतं : व्हॅन्कोमायसिन किंवा सेफ्टाझिडीम सुरू झालं की दोन दिवसांत ताप उतरतो, सगळ्यांना हायसं वाटतं, दोन-तीन आठवड्यांनी कोर्स संपतो आणि काही दिवसांत तोच जंतू पुन्हा रक्तात सापडतो. कॅथेटर जागेवर ठेवून फक्त शिरेतून औषध दिलेल्या मोठ्या मालिकांमध्ये कॅथेटर वाचून संसर्ग बरा होण्याचं प्रमाण साधारण २२ ते ३७ टक्के एवढंच आहे. म्हणजे तीनातले दोन पेशंट पुन्हा त्याच दारात येतात. त्यातल्या काहींमध्ये तोवर जंतू हृदयाच्या झडपेवर किंवा पाठीच्या मणक्यात जाऊन बसलेला असतो.

लॉकची कल्पना डायलिसिसच्या युनिटमध्ये जन्मली नाही. आतड्याच्या आजारामुळे ज्यांना घरी शिरेतूनच पोषण घ्यावं लागतं अशा पेशंटांसाठी फ्रान्समध्ये मेसिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली. त्या पेशंटांचा जीव त्या एका नळीवर अवलंबून होता आणि नळी रोज काही तास मोकळी असायची. डायलिसिसच्या कॅथेटरची स्थिती तशीच, किंबहुना अधिक सोयीची. आठवड्यातले बारा-पंधरा तास सोडले तर तो रिकामाच असतो आणि रक्त गोठू नये म्हणून त्यात एरवीही हेपारिन भरून ठेवावंच लागतं. त्या हेपारिनमध्ये अँटिबायोटिक मिसळायचं, एवढाच बदल. हे काम प्रत्यक्षात किती बारकाईचं आहे ते एका उदाहरणावरून दिसेल. व्हॅन्कोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची कुपी १० मिलीमध्ये विरघळवली की एका मिलीत ५० मिलिग्रॅम येतं. त्यातलं अर्धा मिली, एका मिलीत ५,००० युनिट असलेलं हेपारिन ५ मिली आणि सलाईन साडेचार मिली असं मिळून १० मिली केलं तर प्रत्येक मिलीत अडीच मिलिग्रॅम व्हॅन्कोमायसिन आणि २,५०० युनिट हेपारिन बसतं. आता कॅथेटरच्या लाल आणि निळ्या टोकांवर छापलेला आकडा वाचायचा, बहुधा दीड ते अडीच मिलीच्या दरम्यानचा, आणि मोजून तेवढंच प्रत्येक बाजूला भरायचं, क्लॅम्प लावायचा, नवी टोपी बसवायची, वर तारीख आणि औषधाचं नाव लिहिलेलं लेबल चिकटवायचं. पुढच्या वेळी डायलिसिस सुरू करण्याआधी हे द्रव ओढून फेकून द्यायचं. रक्तातल्या व्हॅन्कोमायसिनची पातळी लिटरला १५-२० मिलिग्रॅमच्या आसपास राखतात, या लॉकमध्ये ती २,५०० आहे. तरीही एका बाजूला दोन मिली भरलं तर एकूण औषध जेमतेम ५ मिलिग्रॅम. जंतूवर प्रचंड मारा आणि शरीरावर नगण्य भार, हे या पद्धतीचं खरं बळ आहे.

आता पुरावा. या विषयावरचं सर्वांत सलग काम अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात, बर्मिंगहॅमला, मायकेल अलन यांच्या गटाने केलं. शिरेतून अँटिबायोटिक आणि प्रत्येक डायलिसिसनंतर लॉक, असा तीन आठवड्यांचा ठरावीक कार्यक्रम त्यांनी राबवला. २००२ मध्ये त्यांनी पहिले निकाल दिले तेव्हा साधारण निम्म्या पेशंटांमध्ये कॅथेटर वाचला आणि संसर्ग गेला. नुसत्या शिरेतल्या औषधापेक्षा हे चांगलं होतं, पण निम्म्यावर कुणी टाळ्या वाजवणार नाही. खरी उकल २००४ मध्ये झाली, जेव्हा त्यांनी निकाल जंतूनुसार वेगळे करून पाहिले. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंमध्ये यश ८७ टक्के, त्वचेवर नेहमी वावरणाऱ्या स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसमध्ये ७५ टक्के आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये फक्त ४० टक्के. पुढे २००७ मध्ये याच गटाने केवळ ऑरियसच्या पेशंटांचा स्वतंत्र अहवाल दिला, तेव्हाही आकडा ४१ टक्क्यांवरच थांबला. एंटेरोकॉकसमध्ये यश साधारण साठ टक्के मिळालं. म्हणजे सरासरीचा तो निम्मा आकडा कुणाचाच नव्हता. एका बाजूला दहातले जवळजवळ नऊ बरे होत होते, दुसऱ्या बाजूला दहातले सहा फसत होते, आणि फसणाऱ्यांच्या वाट्याला येणारा जंतूच सर्वांत घातक होता. ऑरियस झडपा कुरतडतो, मणक्यात पू करतो आणि आठवड्याचा उशीरही माफ करत नाही. त्यामुळे लॉक चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो, असं मला ठामपणे वाटतं.

अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना या विभागणीला धरूनच आहेत. डायलिसिसच्या पेशंटमध्ये ऑरियस, स्यूडोमोनास किंवा कॅन्डिडा सापडला तर कॅथेटर काढावा. इतर जंतू असतील, ताप दोन-तीन दिवसांत उतरला असेल आणि जंतू इतरत्र पसरल्याची खूण नसेल तर लॉकसह कॅथेटर ठेवता येतो, किंवा तारेवरून जुना कॅथेटर काढून त्याच मार्गाने नवा बसवता येतो. त्वचेखालच्या बोगद्यात पू असेल, रक्तदाब सावरत नसेल किंवा ७२ तासांनंतरही कल्चर पॉझिटिव्ह असेल तर काढण्यावाचून गत्यंतर नाही. कॅन्डिडाबद्दल वेगळं सांगायलाच नको : ती बुरशी आहे, अँटिबायोटिक लॉकचा तिच्यावर काही परिणाम नाही. कफ नसलेला तात्पुरता कॅथेटर असेल तर तो वाचवायचा प्रश्नच येत नाही, तो काढायचा. आपल्याकडे असे तात्पुरते कॅथेटर आठवडेच्या आठवडे गळ्यात ठेवले जातात आणि ताप आल्यावर तेही वाचवण्याची धडपड होते. त्या धडपडीला कोणत्याही अभ्यासाचा आधार नाही.

या पुराव्यावर पहिला गंभीर आक्षेप असा की त्यात यादृच्छिक चाचण्या जवळपास नाहीत. अलाबामाचे आकडे एकाच गटाचे आहेत, तुलना जुन्या पेशंटांशी आहे, आणि जे फार आजारी होते त्यांचे कॅथेटर मुळातच काढले गेले, म्हणजे लॉकच्या वाट्याला तुलनेने धडधाकट पेशंट आले. आक्षेप खरा आहे आणि त्यामुळे यशाचे आकडे काहीसे फुगलेले असणार हे मान्य करायला हवं. पण याच आक्षेपाची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे : निवडक आणि बऱ्या पेशंटांमध्येही ऑरियसचं यश चाळीसवरच अडतं. पक्षपात लॉकच्या बाजूने असूनही हा जंतू हटत नाही, यातच सगळं आलं. २०१४ मध्ये अमेरिकन नेफ्रॉलॉजी सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या एका एकत्रित विश्लेषणाने अनेक अभ्यासांतले दीड हजारांहून अधिक पेशंट एकत्र आणले. तिथेही लॉक आणि तारेवरून कॅथेटर बदलणं हे दोन्ही उपाय नुसत्या शिरेतल्या औषधापेक्षा सरस ठरले, आणि ऑरियसमध्ये मात्र बदलणं लॉकला मागे टाकून गेलं. वेगवेगळ्या ठिकाणचे पेशंट, वेगळ्या पद्धती, तरी दिशा तीच. यादृच्छिक चाचणीची जागा हे घेत नाही, पण उद्या सकाळी निर्णय घ्यायचा असलेल्या डॉक्टरला एवढा आधार पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप अधिक सरळ : संशय आला की काढून टाका, दोन दिवसांनी दुसरा घाला, एवढा खटाटोप कशाला? ज्या पेशंटच्या सगळ्या शिरा शाबूत आहेत त्याच्यासाठी हे उत्तर वाईट नाही. पण दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या मोठ्या शिरा मोजक्याच असतात. उजव्या बाजूची मानेतली शीर सर्वांत सरळ आणि उत्तम, मग डावी, मग नाइलाजाने मांडीतली. प्रत्येक नव्या कॅथेटरने शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते, ती आक्रसते, छातीतल्या मोठ्या शिरेला अडथळा आला तर त्या बाजूच्या हाताला सूज येते आणि त्या हातात पुढे फिस्टुला केला तरी तो नीट चालत नाही. शिरा संपल्या की डायलिसिसचा रस्ताच बंद होतो, आणि हे संकट हळूहळू येतं म्हणून त्याची दखल उशिरा घेतली जाते. ब्रेशिया आणि सिमिनो यांनी मनगटातल्या फिस्टुलाची पद्धत १९६६ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही डायलिसिससाठी तोच सर्वांत सुरक्षित रस्ता मानला जातो. तरी आपल्याकडे बहुसंख्य पेशंट मूत्रपिंड निकामी झाल्याचं कळतं त्याच आठवड्यात, फिस्टुला न होताच, कॅथेटरवर डायलिसिस सुरू करतात. फिस्टुला केल्यावरही तो पिकायला आठवडे, कधी महिने जातात. अशा वेळी एपिडर्मिडिसचा संसर्ग झालेला, बोगद्यातून बसवलेला, नीट चालणारा कॅथेटर दोन-तीन आठवड्यांच्या लॉकने टिकला तर फिस्टुला तयार होईपर्यंतचा काळ निभावतो आणि एक शीर वाचते. लॉकचा हिशेब या शिरेच्या किमतीवर मांडायला हवा. कॅथेटरची किंमत हजारो रुपयांत असते आणि गरीब घराला ती जड जाते हे खरंच, पण पैशाखातर ऑरियसचा कॅथेटर ठेवणं म्हणजे पुढे झडपेच्या संसर्गाचा सहा आठवड्यांचा दवाखाना विकत घेणं.

इथून आपल्याकडच्या अडचणी सुरू होतात, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत मशिनं पोचली. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतूनही डायलिसिस मिळतं. ही मोठी कमाई आहे. पण मशीन जिथे पोचलं तिथे ब्लड कल्चरची प्रयोगशाळा पोचली आहे असं नाही. कल्चर पाठवायच्या आधीच अँटिबायोटिकचा पहिला डोस गेलेला असतो, एकच बाटली भरली जाते, ती दुसऱ्या गावी जाते आणि रिपोर्ट हाती येईपर्यंत पेशंट घरी गेलेला असतो. नियम साधा आहे : ताप आला की औषधाच्या आधी दोन कल्चर, एक कॅथेटरमधून आणि एक हाताच्या शिरेतून. फिस्टुलासाठी हातातल्या शिरा जपायच्या असतील तर दुसरं डायलिसिसच्या सर्किटमधून चालतं. कॅथेटरमधलं कल्चर हातातल्या कल्चरपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झालं तर संसर्गाचं मूळ कॅथेटरच, असं धरता येतं. हे न करता भरलेलं लॉक आंधळं असतं, कारण आत एपिडर्मिडिस आहे की ऑरियस हेच कळलेलं नसतं, आणि त्या दोहोंत ७५ आणि ४० एवढं अंतर आहे.

आणखी दोन गोष्टी आपल्या परिस्थितीत वेगळ्या आहेत. भारतीय केंद्रांच्या अनेक अहवालांत ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठा दिसतो. अलाबामाचे ८७ टक्के पाहून ही आनंदाची बातमी वाटेल, पण तिथले जंतू सेफ्टाझिडीमला जुमानत होते, इथले क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर कित्येकदा कार्बापेनेमलाही जुमानत नाहीत. लॉकमधलं औषध इतकं तीव्र असतं की प्रयोगशाळेने प्रतिरोधी ठरवलेला जंतूही तिथे कदाचित मरेल. रक्तातल्या जंतूला मात्र शिरेतल्या औषधानेच मारावं लागतं आणि तेच चालत नसेल तर लॉक एकटं काही करू शकत नाही. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. अभ्यास आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या पेशंटांवर झाले, तिथे लॉक दर दोन दिवसांनी ताजं होतं. कॅथेटरच्या टोकाशी ते द्रव सतत थोडं थोडं रक्तात झिरपतं, म्हणून ४८ तासांपेक्षा जास्त काळ ते तसंच ठेवू नये असं सांगितलं जातं. आपल्याकडे असंख्य पेशंट आठवड्यातून दोनदाच येतात आणि मधलं अंतर तीन-चार दिवसांचं असतं. अशा पेशंटला लॉक करायचं तर त्या दोन-तीन आठवड्यांपुरतं तिसरं डायलिसिस करावं, निदान मध्ये एकदा बोलावून लॉक बदलावं. बसभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा विचार करता हे सोपं नाही, पण ते जमणार नसेल तर कॅथेटर बदलणंच प्रामाणिक उपचार ठरेल.

प्रतिरोधाची भीती हा तिसरा आक्षेप, आणि तो बहुतेकदा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करून घेतला जातो. संसर्ग होऊ नये म्हणून निरोगी कॅथेटरमध्ये महिनोन्‌महिने अँटिबायोटिक भरणं वेगळं आणि झालेल्या संसर्गावर दोन-तीन आठवडे भरणं वेगळं. पहिल्या प्रकारात प्रतिबंधासाठी जेंटामायसिन वापरणाऱ्या युनिटांमध्ये काही महिन्यांतच जेंटामायसिनला न जुमानणारे जंतू रक्तात सापडू लागले, हे २०१० मध्ये नोंदलं गेलं. जास्त तीव्रतेचं जेंटामायसिन झिरपून काही पेशंटांना चक्कर आणि तोल जाण्याचा त्रासही झाला. हा इशारा प्रतिबंधाला लागू आहे, आणि तिथे आता अँटिबायोटिक नसलेले पर्याय आहेत. टॉरोलिडीन आणि हेपारिनचं मिश्रण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलं, ज्या चाचणीवर ती मंजुरी आधारली होती तिच्यात संसर्ग ७१ टक्क्यांनी घटला. पण ती मंजुरी प्रतिबंधासाठीच आहे, झालेला संसर्ग बरा करण्यासाठी नाही. प्रत्येक नवं रसायन सुरक्षित असतं असंही नाही : ४६.७ टक्के तीव्रतेचं सायट्रेट भरल्यावर एका पेशंटचा मृत्यू झाला तेव्हा २००० साली त्याच प्रशासनाला तातडीचा इशारा द्यावा लागला, आणि ७० टक्के अल्कोहोल काही प्रकारच्या कॅथेटरचं प्लास्टिकच कमकुवत करतं. उपचारासाठीच्या लॉकमध्ये मला प्रतिरोधापेक्षा मोठी भीती वाटते ती टेबलावरच्या कुपीची. एकच हेपारिनची कुपी दिवसभर पाच-सहा पेशंटांना वापरली, सिरिंज त्यात पुनःपुन्हा बुडवली, की एका पेशंटचा जंतू शिस्तीत सगळ्यांच्या मानेत पोचतो. औषध आणि हेपारिन मिसळताना द्रव गढूळ झालं तर ते तसंच ढकललं जातं, हेही घडतं. लॉक बनवायचं तर प्रत्येक पेशंटला वेगळी कुपी, स्वच्छ जागा, मिसळल्यावर उजेडात धरून पाहणं आणि हब क्लोरहेक्सिडीनने घासून पुसणं, यात सवलत नाही.

राहतो तो लॉक सुरू केल्यानंतरचा काळ, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. ताप गेला म्हणजे जंतू गेला असं कुणीही गृहीत धरू नये, कारण ताप शिरेतल्या औषधानेही जातो. पहिल्या ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही किंवा दुसरं कल्चर पॉझिटिव्हच राहिलं तर लॉक थांबवून कॅथेटर काढायचा, मग जंतू कितीही सौम्य असो. ताप उतरला तर शिरेतली औषधं आणि लॉक ठरलेल्या मुदतीपर्यंत बरोबरच चालवायची, एक थांबवून दुसरं चालू ठेवायचं नाही. कोर्स संपल्यावर आठवडाभराने पुन्हा कल्चर करायचं, आणि तोच जंतू परत सापडला तर दुसऱ्यांदा लॉकचा प्रयोग करायचा नाही, कॅथेटर बदलायचा. या सगळ्या तारखा पेशंटच्या डायलिसिसच्या फाईलवर पहिल्याच दिवशी लिहिल्या जायला हव्यात : कल्चर कधी पाठवलं, रिपोर्टमध्ये काय आलं, लॉकमध्ये काय आणि किती भरलं, पुढचं कल्चर कधी, आणि फिस्टुलासाठी सर्जनची वेळ कधीची मिळाली. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी प्रत्येक पेशंटसाठी रक्तमार्गाचं स्वतंत्र, पुढचा विचार केलेलं नियोजन असावं असा आग्रह धरला आहे. लॉक हे त्या नियोजनातलं एक छोटं कलम आहे, आणि फाईलमध्ये फिस्टुलाची तारीखच नसेल तर वाचवलेला कॅथेटर पुढच्या तापापर्यंतच वाचलेला असतो.